अळणी पंगत

वहिनी मागच्या दाराने आल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिघडलंय. माझ्या थोरल्या भावाची, नानाची बायको ती. येणार तर पुढच्या दाराने, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन, गल्लीतल्या चार जणींना दिसेल अशी. त्या दिवशी गोठ्याकडून आल्या, तोंडावर पदर ओढून. धनत्रयोदशीची दुपार होती. मी चकल्या तळत बसले होते.

"आक्का, कढई उतरवा आधी," त्या म्हणाल्या.

"तेल तापलंय. तोंडाने बोला, मला कानाने ऐकू येतं. नानाला काय झालं?"

नानाशिवाय दुसरं काय असणार? त्या पाटावर बसल्या. "हृदय मोठं झालंय म्हणतात डॉक्टर. जळगावला नेलं होतं."

"ते मोठंच होतं त्याचं," मी म्हटलं.

वहिनी हसल्या नाहीत. तेव्हा मी कढई उतरवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. नानाचे पाय सुजतात. आडवं झालं की दम लागतो, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपतो. मीठ बंद, तूप बंद, तळलेलं बंद. मिठाचं तर डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, अंगात पाणी साठतं म्हणून.

"मग बंद करा. घरात तुमचं राज्य आहे."

"घरी खातात हो अळणी. दार लावून खातात, कुणी आलं तर ताट झाकतात. पण चार लोकांत बसले की कुणाचं ऐकत नाहीत. दसऱ्याला माझ्या भावाकडे गेलो होतो. मी भावजयीला हळूच म्हटलं, यांचं ताट वेगळं वाढ. तिने वाढलं. पंगतीत एकाने विचारलं, काय नाना, बाळंतिणीचं जेवण सुरू केलं का? सगळे हसले. यांनी ते ताट सरकवलं, भरल्या पंगतीत दुप्पट मागून खाल्लं. भजी, रस्सा, पापड, सगळं. पहाटे नळी लावावी लागली नाकाला."

"आणि मग?"

"मग काय? घरी आल्यावर मला म्हणाले, ज्या घरात माझं ताट वेगळं येईल त्या घराचा उंबरा मी पुन्हा ओलांडणार नाही. माझा भाऊ दोनदा येऊन पाया पडला. गेले नाहीत."

नाना काय माणूस होता ते माहीत असल्याशिवाय हे कळायचं नाही. आमच्या भागात कुणाच्याही घरचं कार्य असो, पंगतीचं पहिलं पान नानाचं. त्याने घास घेतल्याशिवाय कुणी भाकरी मोडायचं नाही. तरणा होता तेव्हा माझ्या हातचे मांडे, म्हणजे उपड्या खापरावर भाजलेल्या हातभर रुंद पुरणपोळ्या, तो तुपात बुडवून खायचा आणि आचारी घाम पुसत बघत राहायचे. भांडण मिटवायला नानालाच बोलवायचे. पोटभर जेवणारा माणूस पोटभर बोलतो, असा लोकांचा विश्वास. आता त्या माणसाच्या पुढे वाटीभर अळणी वरण ठेवायचं, आणि शेजारच्याने ते बघायचं. त्याला मरण परवडलं असतं.

"चार दिवसांवर भाऊबीज आली," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडे येणार म्हणजे येणार. मांडे खाणार म्हणजे खाणार. मी अडवलं तर मला सोडून येतील. आक्का, मला दुसरं दार नाही."

त्या आल्या तशा मागच्या दाराने गेल्या. मी थंड झालेल्या कढईकडे बघत बसले. वेगळं ताट वाढलं तर भाऊ जातो. सारखं ताट वाढलं तर जीव जातो.

मग मी सुनेला हाक मारली.

माझी सून प्रतिभा जळगावची, कॉलेज शिकलेली. माझी शाळा दुसरीत सुटली, सहीपुरती अक्षरं येतात. लग्न होऊन आली तेव्हापासून ती दर सणाला माझ्या मागे, आई, तळण कमी करू, तूप कमी करू, पाहुणे जेवून ओसरीवर आडवे पडतात, हे बरं नाही. मी तिला म्हणायचे, "गवत खायला गाई आहेत गोठ्यात. माणसांना मी माणसाचं जेवण घालते." नवऱ्यापुढे, शेजारणींपुढे म्हणायचे. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही. तिचा हा गुण मला फार डाचायचा.

"प्रतिभा, तुझं ते गवत काय काय असतं, सांग बरं."

तिला वाटलं टोमणाच. मी सगळं सांगितलं तेव्हा ती खाली बसली.  मग म्हणाली, "आई, सगळ्यांचं ताट एकसारखं केलं तर?"

"म्हणजे?"

"सगळ्यांनाच अळणी. मीठ आपण पानात वाढतोच की डाव्या बाजूला. ज्याला हवं तो कालवून घेईल. मामा घेणार नाहीत. कुणाला कळणार आहे?"

 भाऊबीजेला, माझ्या घरी, बिनमिठाचा स्वयंपाक! पंगतीत काय म्हणतील? म्हातारी मीठ विसरली. माझ्याबद्दल लोक खूप काही म्हणतात. तोंडाळ म्हणतात, गर्विष्ठ म्हणतात. माझ्या भाजीत मीठ नाही असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

"कळणार नाही," मी म्हटलं. "कर."

वहिनींना गुपचूप निरोप धाडला आणि हे आम्हा तिघींतच ठेवायचं ठरलं. माझ्या नवऱ्यालाही सांगायचं नाही. यांच्या पोटात पाणी सोडून काही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सासू-सुनांनी करून बघितलं. वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजली, भरीत केलं, मीठ न घालता. मी चाखलं आणि थुंकले. "माती आहे ही."

"थांबा." तिने कच्चा लसूण ठेचून घातला, हिरव्या मिरच्या भाजून घातल्या, वरून लिंबू पिळलं, भाजलेले तीळ कुटून पेरले. "आता?"

खाण्याजोगं झालं होतं. चांगलं झालं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. पण आंबट-तिखटाने जीभ गुंतून पडते आणि मिठाची आठवण जरा उशिरा येते, हे त्या दिवशी मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मग आम्ही ठरवलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, भरीत, मुगाचं वरण, मेथीचे मुटके तळायचे नाहीत, वाफवायचे. काकडीची कोशिंबीर, ताक, आणि गोडाला लाल भोपळ्याची खीर, बेताच्या गुळाची. पापड भाजून ठेवावेत म्हणून मी डबा काढला तर प्रतिभाने झाकण लावलं. "पापडात खार असतो, आई." कुरडईचंही तेच. सणाच्या पानात एक पापड नाही! मी तो डबा माळ्यावर टाकला, डोळ्यांपुढे नको म्हणून.

भाऊबीजेला दुपारी पंगत बसली. ओवाळणं आमच्याकडे दिवेलागणीला असतं. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघी बहिणी माझ्याच घरी नानाला ओवाळायचो. धाकटी लीला आदल्या दिवशीच आली होती, नवऱ्यासकट. प्रल्हादराव तिचा नवरा, आमच्या घरचे जावई, तोंडाने माझ्या तोडीचे.

वहिनींसोबत नाना आला. पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि पायात मोजे. दिवाळीच्या उन्हात मोजे! मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. गालफडं बसली होती. पण आवाज तोच. "द्वारके, खापर तापलं का?"

"बस तू आधी," मी म्हटलं.

पहिलं पान नानाचं, शेजारी प्रल्हादराव, मग माझा नवरा, मुलगा, शेजारचे दोघे. पानात मीठ वाढलं, लिंबू वाढलं. भाकरी आली तशी प्रल्हादरावांची मान वर झाली.

"आक्का, आज एकादशी आहे का? मांडे कुठे गेले?"

"मागच्या वर्षी मांडे खाऊन तुम्ही माझ्या ओसरीवर दिवस मावळेपर्यंत घोरत होतात. शेजारीण विचारायला आली, गिरणी घातली का म्हणून."

सगळे हसले. नानाही हसला. त्याने भाकरी मोडली, भरिताला लावली, पहिला घास घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो चावता चावता थांबला. पानातल्या मिठाकडे बघितलं. मग माझ्याकडे. डोळे हलवले नाहीत, काही नाही. दुसरा घास घेतला.

त्याला कळलं होतं. पहिल्याच घासाला.

मग बाकीच्यांचे घास गेले. माझ्या नवऱ्याने वरण भुरकलं आणि ते मोठ्याने म्हणाले, "अगं, यात मीठच नाही!"

"भरितातही नाही," प्रल्हादराव म्हणाले. "मुटक्यातही नाही. आक्का, गावातलं मीठ संपलं का?"

मी परातीतली भाकरी उचलली.  "विसरले. वय झालं आता. पानात वाढलंय ना, घ्या कालवून."

"तुम्ही? विसरलात?" शेजारचा एकजण म्हणाला. त्याच्या आवाजात कीव होती. टोमणा मारला असता तर मी परतवला असता. 

"असू दे हो," प्रल्हादराव म्हणाले, "सगळं घर सुनेच्या हाती गेलं की असंच होतं."

प्रतिभा माझ्या मागेच उभी होती. तिने मान खाली घातली. आणि नाना सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, "मला तर चांगलं लागतंय. जेवा मुकाट्याने."

लोक मीठ कालवून जेवू लागले. खरं सांगते, कुणी उपाशी उठण्याची भाषा केली नाही. मुटके दुसऱ्यांदा मागितले गेले. नानाने भाकरी संपवून दुसरी घेतली. दाराच्या आड वहिनी उभ्या होत्या, त्यांनी माझा हात दाबला. मला वाटलं, निभावलं.

पण लीला कुठे होती, हे मी बघितलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरातून वरणाचं पातेलं घेऊन आली. डोळे भरून आलेले. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "आक्का, मी सावरलंय. काळजी करू नको." तिने मीठ घातलं होतं. माझी लाज राखायला. बरोबर मूठभर घातलं असणार, नानाला लहानपणापासून खारट आवडतं म्हणून.

आधी तिने नवऱ्याला वाढलं. "आता कसं वरण झालं!" प्रल्हादराव म्हणाले. मग माझ्या नवऱ्याला. मग ती नानापुढे वाकली.

नानाने दोन्ही हात पानावर आडवे धरले. "पोट भरलं."

"हे काय? बहिणीच्या घरी दोन भाकरीत पोट भरतं का? हात काढ."

"नको लीले."

"माझी शपथ आहे तुला. हात नाही काढलास तर मी जेवणार नाही आज."

भाऊबीजेच्या दिवशी बहिणीची शपथ. नानाने हात काढले.

"लीले, नको वाढू," मी म्हटलं.

"का गं?"

"माझ्या चुलीवरच्या भांड्यात हात घालायला तुला कुणी सांगितलं? मीठ घालायचं असतं तर मी घातलं असतं. माझं घर आहे. ठेव ते पातेलं आत."

मला वाटलं, माझं तोंड वाईट आहे हे जगाला ठाऊक आहे. आज ते कामी येईल. लीला रडत आत जाईल, वरण आत जाईल, संध्याकाळी मी तिची समजूत काढीन. पण लीला तिथेच उभी राहिली आणि भर पंगतीत तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. "मी तुझ्यासाठी केलं आक्का," एवढंच म्हणाली. प्रल्हादरावांनी हात पानाबाहेर काढला. "चल लीला. ज्या घरी तुझा असा पाणउतारा होतो तिथे मला अन्न गोड लागायचं नाही." ते उठायला लागले. अर्ध्या पानावरून जावई उठतो म्हणजे काय, ते सांगायला नको.

"बसा पाहुणे," नाना म्हणाला. त्याचा पंगतीतला आवाज. ते बसले. नानाने लीलाकडे बघितलं आणि वाटी पुढे केली. "वाढ. आक्काचं ऐकू नको. तिचं डोकं फिरलंय आज."

लीलाने पदराने डोळे पुसले आणि वाटी काठोकाठ भरली. नानाने ती उचलली. त्याच्या बोटांना सूज होती, अंगठी रुतली होती. दाराआड वहिनींनी तोंडावर पदर दाबला. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्या बोलणार नव्हत्या. त्यांना त्याच्याबरोबर घरी जायचं होतं.

वाटी ओठाला लागली. मी पुढे झाले आणि ती त्याच्या हातातून काढून घेतली. वरण त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

"त्याला मीठ बंद आहे," मी म्हटलं. "तूप बंद आहे, तळण बंद आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. खाल्लं तर मरेल. मी काही विसरले नाही. माझ्या हातून आयुष्यात मीठ विसरलेलं नाही."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण बोलले.

पंगतीत कुणाचा हात हलेना. लीलाने नानाच्या मोज्यांकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि पातेलं घेऊन खाली बसली. नानाने सदऱ्यावरचं वरण बोटाने निपटून पानाच्या कडेला टाकलं. उरलेली भाकरी मोडली. शेवटच्या घासापर्यंत जेवला, भोपळ्याची खीर वाटी कलती करून संपवली. त्याचं संपेपर्यंत कुणी उठलं नाही. मग तो म्हणाला, "चला, हात धुवा."

संध्याकाळी आम्ही दोघींनी ओवाळलं. लीलाच्या ताटात त्याने साडी ठेवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या ताटात साडी ठेवली.

"तू सांगायला नको होतंस, द्वारके."

"न सांगते तर तू प्यायला असतास."

"असतो."

"मग?"

"मग माझं मी बघितलं असतं."

"आणि आम्ही काय बघायचं होतं?" मी म्हटलं.

 तो ओटीवर बसून बूट चढवायला लागला. बूट चढेना. माझा मुलगा पुढे वाकला, तर नानाने त्याचा हात बाजूला केला. बराच वेळ लागला. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो आणि बघायचं नव्हतं.

पुढच्या दिवाळीला तो आला नाही. वहिनी एकट्या आल्या, पुढच्या दाराने, पेढ्यांचा पुडा घेऊन. म्हणाल्या, "बरे आहेत. सूज उतरलीय. आता सगळीकडे स्वतःच सांगतात, मला अळणी वाढा म्हणून. गावात झालंच होतं सगळ्यांना माहीत, प्रल्हादरावांनी काही ठेवलं का? आता लपवायला काही उरलंच नाही. लग्नात आचाऱ्याला आधी बोलावून घेतात. हसणारेही हसायचे थांबले. दोघातिघांनी तर त्यांचं बघून स्वतःचं मीठ कमी केलंय. माझ्या भावाकडेसुद्धा जेवून आले."

"आणि इकडे?"

वहिनींनी पुडा सोडायला घेतला.

सगळ्या पंचक्रोशीत तो वेगळं ताट मागून जेवत होता. फक्त माझ्या घरी येत नव्हता. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. लीला दर खेपेला म्हणायची, "चल आक्का, आपणच जाऊ त्याच्याकडे." मी म्हणायचे, "भाऊबीजेला भाऊ येतो. बहीण दारात जाऊन बसत नाही. त्याला पाय आहेत, आता सुजतही नाहीत." ती म्हणायची, "तुम्ही दोघं एकाच मातीचे." असूही.

माझ्या घरी सणाला ती पंगत मात्र तशीच राहिली. मांडे एखाद्यालाच हवे असले तर करते, तूप वेगळं ठेवते. लोक जेवून उठतात आणि चालत घरी जातात. आडवं कुणी पडत नाही. प्रतिभाला मी अजून तोंडावर काही म्हटलेलं नाही, पण स्वयंपाकाला काय करायचं हे आता मी तिला विचारते, आणि विचारलं की ती माझ्याकडे बघते. तिला कळतं.

आमच्याकडे भाऊबीजेला जिला भाऊ नाही ती बाई चंद्राला ओवाळते. त्या तिसऱ्या वर्षी दिवेलागणीला मी ताट घेऊन अंगणात गेले. बारीक कोर होती, चिंचेच्या मागे उतरायला लागलेली. लीला मागून धावत आली आणि तिने माझा हात धरला.

"आक्का, हे काय अभद्र! भाऊ जिवंत असताना?"

"हात सोड," मी म्हटलं. "जिवंत आहे म्हणूनच ओवाळते आहे."